हॅमर कँडल कशी ओळखायची

फोंड्यात आमच्या शेअरवाल्या ग्रुपमधली पोरं हॅमर, म्हणजे पडता शेअर वर वळू शकतो असं सांगणारी चार्टवरची खूण, कशी ओळखायची ते परत परत विचारतात म्हणून लिहितोय. आधी डेली चार्ट लावा, त्यात एका दिवसाच्या भावाची एक कँडल (उभी पट्टी) दिसते, पाच मिनिटांच्या कँडलवर नवीन माणसाने जाऊच नये. आता बघा, शेअर आठ-दहा दिवस पडतोय, आज ४१० ला उघडला, ३९२ पर्यंत आपटला आणि साडेतीनला ४१२ ला बंद झाला, हाय (दिवसाचा सर्वात वरचा भाव) फक्त ४१३, म्हणजे बॉडी (उघडला आणि बंद झाला यामधला जाड भाग) दोन रुपयांची आणि खालची शेपटी (बॉडीखालची बारीक रेघ) अठराची, हाच हॅमर. शेपटी बॉडीच्या निदान दुप्पट हवी, वर जवळपास काही नको. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुपारी भाव पाडून मागतात आणि संध्याकाळी तोच माल परत चढ्या भावाने उचलतात ना, तसंच.

पण लगेच घेऊ नका हां! दुसऱ्या दिवशी ४१३ च्या वर क्लोज मिळू दे, मगच घ्या, आणि स्टॉपलॉस (जिथे भाव आला की तोटा थांबवायला विकून टाकायचं) ३९२ च्या खाली. व्हॉल्यूम (किती शेअरची देवघेव झाली) वाढलेला असेल तर अजून बरं. हाच आकार तेजीनंतर वर दिसला तर तो हँगिंग मॅन, तिथे खरेदी नाही, सावध व्हायचं.