व्हीआर थेरपी शिकायचीय? बेळगावातून चार गोष्टी

मानसशास्त्रात एमए करणारी मुलं विचारतात, "मॅडम, व्हीआर थेरपीचा कोर्स कुठं असतो?" व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी, डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणारं आभासी जग. मी सांगते, आधी एक्सपोजर थेरपी, म्हणजे भीतीला पायरीपायरीनं सामोरं जायचा उपचार, नीट शिका. उत्तर फारसं आवडत नाही त्यांना.

पण खरं काम तिथंच आहे. भीती वाटते ती गोष्ट टाळली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि टाळल्यामुळेच भीती पक्की होत जाते. म्हणून सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या ठरवायच्या, प्रत्येक पायरीवर रुग्णानं 0 ते 100 मध्ये आपली भीती सांगायची आणि पळ न काढता तिथं थांबायचं. उंचीला घाबरणाऱ्या माणसाला गोकाकच्या झुलत्या पुलावर नेलं, तर वारा आणि गर्दी आपल्या हातात नसते. हेडसेटमध्ये तीच उंची हवी तेव्हा थांबवता येते, पुन्हा दाखवता येते. बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी उंचीच्या भीतीवर हा प्रयोग 1995 मध्येच प्रसिद्ध केला होता.

डॅनियल फ्रीमन यांच्या गटाचा व्हीआर थेरपीवरचा इंग्लंडमधला 2022 चा अभ्यास जरूर वाचा. सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा मानसिक आजार) असलेले 346 रुग्ण त्यात होते आणि घराबाहेर पडणं सगळ्यात जास्त टाळणाऱ्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. मात्र त्यातली दृश्यं तिकडची: कॅफे, पब, दवाखान्याची वेटिंग रूम. आमच्या रुग्णाला धडकी भरते ती खानापूरच्या भरलेल्या बसची! पब घेऊन तो काय करणार? यावर स्वस्त उपाय म्हणजे 360 अंशाच्या कॅमेऱ्यानं आपलंच बसस्थानक चित्रित करणं. त्या व्हिडिओत रुग्णाला चालता येत नाही, नुसतं चौफेर बघता येतं; सुरुवातीच्या पायऱ्यांना तेवढं पुरतं. परवानगी घ्या आणि लोकांचे चेहरे पुसट करा.

डोळ्यांवर सगळंच झाकलं की काहीजण घाबरतात. त्यांना मिक्स्ड रिअॅलिटी बरी पडते: खोली दिसते, स्वतःचे हात दिसतात, आणि टेबलावर आभासी झुरळ फिरतं. स्पेनमध्ये क्रिस्टिना बोतेया यांनी झुरळाच्या भीतीवर अशाच धर्तीचं काम केलं आहे.

आता बारीकसारीक, जे पुस्तकात नसतं. केसांना तेल असेल तर हेडसेटचा फोम लगेच खराब होतो, अंबाड्यावर पट्टा बसत नाही, गजरा काढून ठेवायला आधीच सांगावं लागतं. डोळे म्हणतात हलतोय आणि कान म्हणतो बसलोय, त्यामुळं मळमळ होते. पहिली सत्रं छोटी आणि खुर्चीत बसवूनच घ्या. फिट्स, मायग्रेन, चक्कर यांची चौकशी हेडसेट चढवण्याआधी करा.

आणि भाषा. सॉफ्टवेअर इंग्रजीत बोलतं, निपाणीचा रुग्ण मराठीत सुरू करून घाबरला की कन्नडमध्ये जातो. आवाज बंद करून मीच बोलते. कन्नड येत नसेल तर शिका, सीमावाद बाहेर राहू दे. धारवाडच्या डिमहान्समध्ये किंवा बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये, या मानसिक आरोग्याच्या संस्थांमध्ये, शिकायला गेलात तरी रुग्णांशी त्याच भाषेत बोलावं लागेल.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, नुसत्या व्हीआरच्या प्रमाणपत्रावर चालत नाही. कोर्सचे नियम सध्या बदलताहेत, म्हणून प्रवेश घेण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यता तपासा. हेडसेट त्यानंतर घेतला तरी चालतो. तोवर किंमत उतरलेलीच असेल.