मुंबई–लंडन : प्रवासाचे खरे तास कसे काढावेत

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. ताशी 900 किलोमीटर वेग धरला तर हिशेब आठ तासांचा येतो. मात्र विमान सरळ रेषेत क्वचितच जाते आणि वेळापत्रकात धावपट्टीपर्यंतची रखडपट्टीही धरलेली असते. तिकिटावरील दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक असतात, म्हणून त्यांची थेट वजाबाकी करू नये. समजा, जूनमध्ये मुंबईहून दुपारी 2 वाजता निघून विमान लंडनला संध्याकाळी 7 वाजता उतरणार असेल, तर पाच तासांच्या या फरकात साडेचार तास मिळवावेत, कारण तेव्हा लंडनचे घड्याळ मुंबईच्या तेवढे मागे असते, म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा ठरतो. परतीच्या तिकिटावर तेच साडेचार तास वजा करावेत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत दोन्ही घड्याळांतला हा फरक साडेपाच तासांचा असतो, आणि नेमके इथेच अनेकांचे गणित चुकते. परतीचा प्रवास बहुधा थोडा लवकर आटोपतो, कारण उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.