अंग आंबल्यावर मुले करतात त्या चुका टाळा

पोलीस भरतीची चाहूल लागली की धुळ्यात पांझरेकाठी पहाटे पाचलाच मुले पळायला येतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांतली बरीचशी दिसेनाशी होतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते : मांड्या भरून आल्या.

सर्वांत मोठी चूक पहिल्याच दिवशी घडते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सरावाला आलेल्या एका मुलाने मित्राशी पैज लावून एका दमात पाचशे बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरवेना, म्हणून त्याने दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून उपाशीपोटी घेतल्या आणि मे महिन्याच्या उन्हात पाणीही पुरेसे प्यायला नाही. तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या टणक होऊन सुजल्या आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटले की त्यांतील मायोग्लोबिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो. अंगात पाणी कमी असताना घेतलेल्या त्या गोळ्या हा धोका वाढवतात. त्याला अनेक दिवस सलाईनवर राहावे लागले. लघवीचा असा रंग दिसला तर घरगुती उपाय न करता त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

तेव्हापासून मी नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात पंधरा-पंधरा बैठकांच्या दोनच फेऱ्या देतो आणि त्याही एक दिवसाआड. मुले कंटाळतात, काही जण दुसऱ्या मैदानावर निघून जातात. तरी मी आकडा वाढवत नाही, कारण एकदा माफक दुखून बरा झालेला स्नायू पुढचे काही आठवडे तोच व्यायाम बऱ्याच कमी दुखण्यात पेलतो.

दुसरी चूक समजुतीची आहे. आपण ‘अंग आंबले’ म्हणतो, त्यामुळे स्नायूंत आम्ल साचले असेच सर्वांना वाटते आणि ते ‘उतरवण्यासाठी’ लिंबूपाणी पाजले जाते. प्रत्यक्षात व्यायामात तयार झालेले लॅक्टेट, म्हणजे लोक ज्याला हे आम्ल समजतात ते द्रव्य, तासाभरात निवळते, तर हे दुखणे 12 ते 24 तासांनी सुरू होऊन 24 ते 72 तासांत टोक गाठते. ते येते स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे, आणि ही इजा स्नायू ताणला जात असताना भार पेलतो तेव्हा अधिक होते. लळिंगचा किल्ला चढताना दम लागतो, परंतु दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे. म्हणून उताराचा सराव मी फार सावकाश वाढवायला लावतो.

दुखते म्हणून दिवसभर खाटेवर पडून राहू नये. वीस मिनिटे सपाटीवर रमतगमत चालल्याने पाय मोकळे होतात. दुखऱ्या पोटऱ्या कुणाकडून तुडवून घेऊ नयेत, हलक्या हाताने तेल चोळलेले पुरे. ताण देणारे व्यायाम अवश्य करावेत, मात्र त्यांनी हे दुखणे टळेल अशी आशा धरू नये. पावडरच्या डब्यावर पैसे घालण्याआधी पुरेशी झोप घ्यावी आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, उडदाची डाळ पोटभर खावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील आणि दुखणे पाच-सात दिवसांत ओसरत असेल, तर काळजी नसावी. एकाच गुडघ्यात किंवा घोट्यात टोचल्यासारखी तीव्र कळ येत असेल, तर मात्र ते अंग आंबणे नव्हे. त्या दिवशी मी मुलाला मैदानात पाऊल टाकू देत नाही, डॉक्टरांकडे पाठवतो.