जोडून सुट्टी आली की अडकलेली कादंबरी कशी संपवायची

2025 चा 15 ऑगस्ट शुक्रवारी आला, शनिवारी गोपाळकाला आणि मग रविवार, अशी सलग तीन दिवस सुट्टी आणि माझ्या कादंबरीची शेवटची तीन प्रकरणं बाकी. प्रकाशकांना दिवाळीच्या आधी पुस्तक आणायचं होतं म्हणजे महिनाअखेर सगळं त्यांच्या हातात हवं होतं. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याला असे तीन दिवस वर्षातून दोन-तीनदाच मिळतात, म्हणून मी काय केलं ते नीट लिहून ठेवतेय, ज्यांची कादंबरी शेवटाजवळ येऊन अडकलीय त्यांच्यासाठी. ज्यांची अजून निम्मीच झालीय त्यांनी तीन दिवसांत संपवायचा हट्ट धरू नका, पुस्तकाचं नुकसान होतं.

तर काम सुरू होतं गुरुवारी संध्याकाळी, शुक्रवारी नाही. गुरुवारी लिहायचं काही नाही, फक्त मोजायचं. काय काय लिहायचं राहिलंय ते प्रसंगाप्रसंगाने वेगवेगळ्या कागदावर उतरवा, एका कागदावर एकच प्रसंग आणि एकच ओळ. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू वापरते, जाड असतात आणि जमिनीवर मांडता येतात. माझे 17 निघाले. ते हॉलमध्ये फरशीवर ओळीने मांडले आणि तासभर नुसती बघत बसले तेव्हा कळलं की चार प्रसंग नकोच आहेत, ते मी दोन वर्षांपूर्वी ठरवले होते आणि तेव्हापासून कादंबरीच बदलली होती. मला तर वाटतं की आपण अडकतो त्यातलं निम्मं कारण हेच असतं, जो प्रसंग लिहायचा टाळतोय त्याची गरजच संपलेली असते आणि आपण मात्र स्वतःला आळशी म्हणत राहतो. राहिले 13. एकाला सरासरी सहाशे शब्द धरले तर आठ हजारांच्या आत-बाहेर, हे तीन दिवसांत होण्यासारखं आहे. तुमचा आकडा वीस हजार आला तर शेवटचंच प्रकरण पूर्ण करायचं ठरवा आणि बाकीचं पुढच्या सुट्टीला.

सुट्टीच्या आधी करायची अजून दोन कामं. झालेली सगळी पानं गुरुवारीच प्रिंट काढून आणा, कारण 15 ऑगस्टला झेरॉक्सची दुकानं बंद असतात आणि शनिवारी उघडतील याचा भरवसा नाही, आणि स्क्रीनवर वाचताना ज्या चुका दिसत नाहीत त्या कागदावर लगेच दिसतात. आणि फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट उघडणाऱ्या अक्षरांत, आहे ना ते बघा. माझ्या आधीच्या पुस्तकाची निम्मी फाईल जुन्या फॉन्टमधून बदलून घेतलेली होती आणि त्यात ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’ असले सगळे शब्द मोडले, एकेक शोधून नीट करण्यात पूर्ण रविवार गेला होता. हे काम आधीच्या आठवड्यात उरकून टाका, या तीन दिवसांत तर अजिबात नको.

आता घरच्यांचं. नाशिकमध्ये जोडून सुट्टी म्हणजे मुंबई-पुण्याचे पाहुणे, त्यातून श्रावण, त्र्यंबकेश्वरला जायचं असतं आणि मुक्काम आपल्याकडे. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे, खरं कारण सांगायचं. आधी मी डोकं दुखतंय, ऑफिसचं काम आहे असं सांगायचे आणि लोक प्रेमाने बाम घेऊन दारात यायचे. यावेळी मावशीला आठ दिवस आधी फोन केला, म्हटलं मावशी माझं पुस्तक संपवायचंय, या तीन दिवसांत मी तुझ्याशी धड बोलू पण शकणार नाही, तू पुढच्या शनिवारी ये, मी स्वतः तुला त्र्यंबकला नेते. ती म्हणाली, "अगं मग आधी नाही का सांगायचं, लिही तू." आणि सासूबाईंनी कुकर आणि मुलाचं खाणं-पिणं तीन दिवस स्वतःकडे घेतलं. ही मदत मागावी लागते, आपोआप मिळत नाही, आणि मागताना तास सांगा. ‘मला जरा वेळ हवाय’ म्हटलं की कोणालाच काही कळत नाही. ‘सकाळी साडेपाच ते साडेआठ आणि दुपारी एक ते चार मला हाक मारू नका’ असं म्हटलं की लहान पोराला पण कळतं.

शुक्रवारी सोसायटीच्या झेंडावंदनाला जाऊन या, पण त्याआधी तीन तास लिहून झालेले असू द्या. आणि पहिल्यांदा शेवटचा प्रसंग लिहा. खूप जण म्हणतात शेवट शेवटीच सुचतो, मला नाही पटत. रविवारी रात्री थकलेल्या हातांनी लिहिलेला शेवट थकलेलाच असतो आणि वाचकाच्या लक्षात नेमकं तेच पान राहतं, म्हणून डोकं ताजं असताना शेवट लिहा. शिवाय कुठे पोचायचंय ते दिसलं की मधले प्रसंग पटापट जुळतात. माझे शेवट लिहिल्यावर अजून दोन कागद गळून पडले.

मग सगळ्यात महत्त्वाचं, लिहिताना काहीही शोधायला उठायचं नाही. माझ्या कादंबरीत 1969 चा गोदावरीचा महापूर आहे. आपल्याकडे नाशिकला पूर किती आला ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, आणि त्याच्याही वर गेलं की मग काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी गेल्याची गोष्ट निघते. शनिवारी सकाळी मी नेमकी तिथे आले, नायिकेचा भाऊ पुलावर उभा आहे आणि खाली पाणी बघतोय, आणि मला कळेना की त्या वेळेला पाणी कुठवर लिहायचं. हात मोबाईलकडे गेलाच. पण एकदा का शोधायला लागलं की जुने फोटो, मग 2008 च्या पुराचे व्हिडिओ, मग 2016 चे, आणि सकाळ संपते. तर तिथे नुसती खूण करून पुढे जायचं, मराठी मजकुरात कुठेच येत नाही असं काहीतरी चिन्ह, मी ## टाकते, म्हणजे नंतर सर्च करून एका झटक्यात सगळ्या जागा सापडतात. ‘पाणी मारुतीच्या ## पर्यंत चढलं होतं’ असं लिहून पुढे गेले. तीन दिवसांत अशा 14 जागा झाल्या.

संवाद सुचत असतील पण बोटं चालत नसतील तर मोबाईलवर मराठी व्हॉइस टायपिंग लावा आणि खोलीत फिरत फिरत बोला. विरामचिन्हं नंतर घालावी लागतात, नावं चुकतात, पण माणसं बोलतात तशी वाक्यं येतात, टाईप करताना ती जरा पुस्तकी होतात. वर्णनाला मात्र हे वापरू नका, पसरट होतं.

शनिवारी दहीहंडी, म्हणजे दुपारनंतर डीजे, आमच्या गल्लीत तर खिडकीच्या काचा हलत होत्या. आवाजाशी भांडत बसू नका, त्या वेळेला वेगळं काम ठेवा. मी दुपारी चार ते रात्री नऊ, गुरुवारी काढलेली प्रिंट घेऊन लाल पेनने वाचत बसले, कोणाचं वय कुठे बदललंय, दार आधी डाव्या बाजूला होतं ते उजवीकडे कसं आलं, असल्या गोष्टी बघायला शांतता लागत नाही. कॅफेत जाऊन लिहायचा विचार करत असाल तर अशा सुट्टीत कॉलेज रोड, गंगापूर रोडला बसायलाच जागा मिळत नाही, गाडी लावण्यात अर्धा तास जातो. त्यापेक्षा पहाटे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन चकरा मारा, वही न घेता. रविवारी नायिका घर सोडते की नाही ते मला तिथेच, पावसाच्या बारीक भुरभुरीत दुसऱ्या चकरीला कळलं, आणि घरी येईपर्यंत मी ते वाक्य तोंडाने म्हणत आले.

झोप मोडू नका, रात्री जागून लिहिलेली पानं मी पूर्वी सगळी फाडलीयेत. मिसळीचं बोलावणं रविवारी येणारच, जाऊन या, पण दुपारी, सकाळचे तास देऊ नका. फाईल दर दोन तासांनी स्वतःलाच मेल करा, पावसाळ्यात लाईटचा काही नेम नसतो.

रविवारी रात्री सव्वादहाला माझं संपलं. लगेच प्रकाशकांना पाठवू नका, कितीही मोह झाला तरी. सोमवारपासून ## च्या जागा भरायच्या. मी ऑफिस सुटल्यावर रामकुंडावर गेले, तिथे फुलं विकणाऱ्या एका आजींना विचारलं 69 ला पाणी कुठवर होतं. त्या म्हणाल्या, "ते नाही बाई आठवत. गाळ काढायला आठ दिवस लागले ते आठवतं, आणि वास." मी ते वाक्यच बदललं, भाऊ आता पुलावर नाही, पूर ओसरल्यावर फावडं घेऊन उंबऱ्यात उभा आहे. बाकीच्या 13 पैकी दहा जागा आठवडाभरात भरल्या आणि तीन वाक्यं सरळ काढून टाकली, कारण तिथे काय हवं होतं ते मलाच आठवेना.