कोकणात लालभडक पानं हवीत तर
थंड देशांत ऑक्टोबरात पानं लाल होतात तसं आपल्याकडे रत्नागिरी-मालवणात होत नाही, तेवढी थंडीच नाही ना, पण क्रोटन आणि पॉइन्सेटिया लावा, रंग मस्त मिळतो. क्रोटन सावलीत हिरवा पडतो, त्याला चार-पाच तास ऊन द्याच. पॉइन्सेटियाचं गणित वेगळं, त्याला ऑक्टोबरपासून रोज रात्री 13-14 तास सलग काळोख लागतो, आमच्या पडवीच्या बल्बसमोरची फांदी डिसेंबरातही हिरवीच आणि मागची, माडाकडची बाजू लालबुंद! म्हणून झाड दिव्यापासून लांब लावा, छाटणी गणपतीपर्यंत उरकून घ्या, नंतर कात्री नको. जांभ्या दगडात खणलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचून मुळं कुजतात, तिथे मातीचा उंचवटा करूनच लावा. छाटताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.