पडल्यानंतर पुन्हा उतारावर

सायकलवरून पडल्यावर बहुतेक जण आधी सायकल उचलून बघतात. आधी माणूस बघा. हेल्मेट आपटलं असेल तर भेग दिसो न दिसो, ते बदलायचंच. आतला फोम एकदा दबला की पुढच्या वेळी तो डोकं वाचवत नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, पडलो कसे ते आठवत नाही, असं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि तिथवर सायकल चालवत जाऊ नका. हात खांद्याच्या वर जात नसेल तर कॉलर बोनचा एक्स-रे काढून घ्या. सायकलीचं नंतर: हँडल सरळ आहे का, ब्रेक पूर्ण धरतोय का, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) आत वाकलाय का. कार्बनची फ्रेम किंवा फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) असेल तर जाणत्या मेकॅनिकने बघितल्याशिवाय ती उतारावर न्यायची नाही.

नेरूळला मी मुलींना रोड सायकलिंग शिकवते. त्यांना मी डच रायडर आनेमीक फान फ्लूटनबद्दल अगदी सुरुवातीलाच सांगते. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती विस्टा चिनेसाच्या उतारावर सगळ्यांच्या पुढे होती, एकटी. एका वळणावर पडली. मेंदूला मार लागला, कमरेच्या मणक्यात तीन फ्रॅक्चर झाली. सुवर्णपदक तिच्याच देशाच्या आना फान डर ब्रेखनला मिळालं. पुढच्याच वर्षी बर्गनला फान फ्लूटन टाइम ट्रायलची, म्हणजे एकटीने घड्याळाविरुद्ध धावायच्या शर्यतीची, जगज्जेती झाली. 2018 मध्ये इन्सब्रुकला जागतिक रोड रेसमध्ये गुडघ्याचं हाड मोडलेलं असताना तिने शर्यत पूर्ण केली आणि सातवी आली. तिच्या जिद्दीबद्दल मला अपार आदर आहे, पण हे शेवटचं मी माझ्या एकाही मुलीला करू देणार नाही.

डॉक्टरांनी हो म्हटलं की सुरुवात घरातल्या टर्बो ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) करा. पाय लवकर परत येतात, मान आणि मनगटं वेळ घेतात. मग रविवारी पहाटे पाम बीच रोड. रस्ता सपाट आहे, लय सापडते. गाड्या मात्र भरधाव असतात, म्हणून मागे लाल दिवा हवाच. इथे एकच गोष्ट तपासा: चालवताना कोपरं सैल हलतात का? ती ताठ असतील तर भीती अजून अंगात आहे, आणि ताठ हातांनी वळण नीट घेता येत नाही.

त्यानंतर बेलापूरचा पारसिक हिल. चढ कोणीही घाम गाळून चढतं, खरं शिकायचं ते उतरताना. उतार हा धाडसाचा विषय नाही, सवयीचा आहे. एकच वळण निवडा. आधी ते पायी चाला आणि खडी, ओली पानं, तेलाचा डाग कुठे आहे ते बघून ठेवा. मग सायकलवर या. हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर), दोन बोटं ब्रेकवर. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत. वळणात शिरल्यावर ब्रेक जोरात धरला तर चाक घसरतं. बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि अंगाचा भार त्याच पायावर. नजर जिथे बाहेर पडायचंय तिथे. खड्ड्याकडे टक लावून बघाल तर खड्ड्यातच जाल. समोरून येणाऱ्यांची बाजू कापायची नाही, मागे गाडी असेल तर कडेला थांबून तिला जाऊ द्यायचं. तेच वळण कंटाळा येईपर्यंत करा. कंटाळा आला म्हणजे भीती गेली, आता पुढचं वळण घ्या. पावसाळ्यात टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर सायकल तिरकी करू नका.

शर्यतीत परतताना शरीर पूर्वीसारखं नसेल, तर डावपेच बदला. 2022 मध्ये ऑस्ट्रेलियात वोलोंगाँगला मिश्र सांघिक टाइम ट्रायलमध्ये फान फ्लूटन पडली आणि तिचं कोपर मोडलं. काही दिवसांनी रोड रेस होती. पेडलवर उभं राहून जोर लावणं जमत नव्हतं, म्हणजे शेवटच्या स्प्रिंटमध्ये तिला काहीच आशा नव्हती. तिने शेवटच्या किलोमीटरमध्ये, बाकीच्या एकमेकींकडे बघत असताना, बसूनच मुसंडी मारली आणि जगज्जेतेपद जिंकलं. हात दुखत असेल तर गटाच्या मध्ये अडकू नका, कडेने पुढे राहा, शेवटच्या धक्काबुक्कीची वाट बघू नका.

आणि पुढची शर्यत कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा. टोकियो ऑलिंपिकच्या रोड रेसमध्ये आपण जिंकलो असं समजून फान फ्लूटनने हात उंचावले होते. ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर केव्हाच पोहोचली होती. तीन दिवसांनी टाइम ट्रायल होती, त्यात फान फ्लूटनने सुवर्ण मिळवलं. तुमचीही परतीची पहिली शर्यत शक्यतो टाइम ट्रायलच असू द्या: आजूबाजूला कोणाचं चाक नसतं, वळणाचा वेग तुमच्या हातात राहतो. रस्ता आदल्या दिवशी एकदा फिरून या.