म्हाताऱ्या फेरेटची साखर आधी तपासा

परळहून पशुवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडताना कुत्र्या-मांजरांवर आणि गुराढोरांवर हात बसलेला असतो. फेरेट, म्हणजे लांबट अंगाचा छोटा मांसाहारी पाळीव प्राणी, मात्र बहुतेकांना पहिल्यांदा दिसतो तो स्वतःच्या क्लिनिकच्या टेबलावरच. ठाण्यात घोडबंदर रोडला माझ्याकडे असे पेशंट मोजकेच येतात, आणि त्यातले बरेचसे वयस्क. फेरेटचं आयुष्य साधारण ६ ते ८ वर्षांचं, त्यामुळे तिशी-चाळिशी नाही, ३-४ वर्षं झाली की त्याला म्हातारा धरायचा.

मालक हमखास म्हणतात, “डॉक्टर, वय झालं हो त्याचं, मागचे पाय ओढतो.” यावर कॅल्शियम लिहून मोकळे होऊ नका. या वयात स्वादुपिंडात इन्शुलिन बनवणारी गाठ, म्हणजे इन्शुलिनोमा, फार आढळतो. जास्तीच्या इन्शुलिनने रक्तातली साखर उतरली की मागचे पाय लुळे पडतात. प्राणी एकटक बघत बसतो, लाळ गळते, पुढच्या पंज्याने तोंड खरवडत राहतो. हे एकदा बघितलंत की विसरणार नाही.

उपाशीपोटी साखर तपासा, पण उपास ३-४ तासांचाच. त्यांचं पोट तेवढ्यात रिकामं होतं आणि आजारी फेरेटला जास्त उपाशी ठेवणं धोक्याचं. आकडा ६० mg/dLच्या खाली आला तर संशय पक्का. माणसांचा ग्लुकोमीटर फेरेटची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, म्हणून लॅबमधून खात्री करून घ्या. झटका आलाच तर हिरड्यांना थोडा मध चोळा, आणि शुद्धीवर आल्या आल्या मांसाहारी खाणं द्या. नुसतं गोड देत राहिलं तर ती गाठ आणखी इन्शुलिन सोडते आणि साखर पुन्हा कोसळते. घरच्यांना हे नीट समजावून सांगायला वेळ काढाच, कारण लाडाने केळं-बिस्किट भरवणारी आजी जवळपास प्रत्येक घरात असते. पुढे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि दिवसातून अनेकदा थोडं थोडं खाणं, यावर कित्येकांचे दिवस चांगले जातात. शस्त्रक्रियेचा पर्यायही मालकापुढे ठेवावा.

शेपटीपासून केस जायला लागले तर मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या आजाराचा विचार करा. त्यात नराची प्रोस्टेट सुजून लघवी अडू शकते. तो पेशंट उद्यावर ढकलायचा नाही.

आणि एप्रिल-मे आला की प्रत्येक मालकाला बजावा: फेरेटला घाम फुटून अंग गार होत नाही, ३० अंशांच्या वर उष्माघाताची भीती असते. पिंजरा बाल्कनीत नको. वीज गेली तर ओला टॉवेल आणि गार फरशी हाताशी असू द्या.